दुसरा ब्रेक

२ नोव्हेंबर, रविवार

बाबा एकदा म्हणाले होते, "तुझ्या आवाजात काहीतरी आहे." मी तेव्हा दहा वर्षांची होते. धाकटा भाऊ मागच्या भिंतीवर चढून बसला होता आणि कुणाच्या हाकेला उतरत नव्हता. मी खाली उभी राहून त्याच्याशी बोलले आणि तो उतरला. छत्तीस वर्षं ते वाक्य नुसतं पडून होतं. आज त्याचा उपयोग कळला.

एनएलपीचं मोफत सत्र होतं. न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. थोडक्यात, शब्द नीट वापरले की माणसाच्या डोक्यातल्या सवयी बदलता येतात. चाळीस खुर्च्या, एकोणीस माणसं. कॉलरला माइक लावलेले सर. एक वाक्य फार आवडलं: तुम्ही काय बोललात त्याला अर्थ नसतो, समोरच्यानं काय केलं तोच तुमच्या बोलण्याचा अर्थ. लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. शेजारच्या विमा एजंटनं एकच मारली.

सर्टिफिकेशन अकरा दिवसांचं, निवासी. नाव नोंदवायची शेवटची तारीख २८. अट एकच. आधी एका माणसाच्या एका भीतीवर एकवीस दिवस काम करायचं आणि शेवटी त्या माणसानं फॉर्म भरून द्यायचा.

करायचं की नाही, ठरलेलं नाही. घाई करणार नाही. एकोणीस वर्षं गाडी शिकवतेय, सातशेच्या वर माणसं रस्त्यावर सोडली, एकदाही घाई केलेली नाही.

माणूस मात्र घरातच आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

माणूस म्हणजे माझी मुलगी. चिंगी. वय चोवीस, जनावरांची डॉक्टर. घोड्याच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालते. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास.

फिरत्या दवाखान्यात नोकरी मिळालीय. एक डिसेंबरला रुजू. व्हॅन स्वतः चालवायची, त्यामुळे लायसन्स नाही तर नोकरी नाही. यादीतला पुढचा उमेदवार तयारच आहे. तिसरी परीक्षा २६ला. त्यानंतरची तारीख थेट जानेवारीत.

परीक्षकांचा शेरा दोन्ही वेळा एकच: "थांबली नाही." पहिल्या वेळी पांढऱ्या रेषेच्या हातभर पुढे. दुसऱ्या वेळी अर्धी गाडी पुढे. नवल म्हणजे माझ्या गाडीत ती रेषा कधीच ओलांडत नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. म्हणजे हातापायांना सगळं येतं. दोष वर आहे, अवचेतन मनात. थांबण्याची भीती.

जेवताना यस-सेट वापरला. आधी तीन सोपे प्रश्न, ज्यांचं उत्तर हो असतं. नोकरी हवी ना? हो. लायसन्स हवं ना? हो. आई तुझ्या भल्याचंच बघते ना? हो. मग मुख्य: एकवीस दिवस माझ्यावर सोडशील? हो. चार मिनिटांत काम झालं. अर्धी पोळी तशीच टाकून उठली, पण तो वेगळा विषय.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.४०

दिवस पहिला. मिररिंग. समोरच्यासारखं बसायचं, त्याच्यासारख्या हालचाली करायच्या, म्हणजे त्याच्या मनाला आपण परके वाटत नाही.

चिंगीनं मान वाकडी केली, मी केली. तिनं नाक खाजवलं, मी खाजवलं. तिनं उसासा सोडला, मीही सोडला. तिसऱ्या उसाशाला तिनं गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, तुला बरं वाटत नाहीये का. उत्तम. काळजी ही रॅपोची, म्हणजे सूर जुळण्याची, पहिली पायरी.

रेषेवर गाडी बरोब्बर थांबली. नेहमीप्रमाणे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्यांची भाषा. आठवून बोलणारा माणूस एका दिशेला वर बघतो, रचून सांगणारा दुसऱ्या.

गाडी चालवताना विचारलं, काल संध्याकाळी कुठे होतीस. म्हणाली, मैत्रिणीकडे. असं म्हणताना तिनं वर बघितलं. रचणाऱ्याच दिशेला. पुन्हा विचारलं. पुन्हा तिकडेच. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा.

दुपारी लक्षात आलं, तिकडे आरसा आहे. "दर दहा सेकंदांनी आरसा बघ" हे मीच शिकवलंय.

पण तरीही.

८ नोव्हेंबर, शनिवार

गाडी शिकायला येणाऱ्या बेकरीवाल्या बाईंवर श्वासाचा प्रयोग केला. त्यांच्या लयीत श्वास घ्यायचा. चढावर गाडी उचलताना त्या श्वासच घेत नाहीत हे माहीत नव्हतं. मला चक्कर आली. बाईंनी स्वतः गाडी बाजूला लावली, इंजिन बंद केलं, मला पाणी दिलं. आत्मविश्वास वाढलाय त्यांचा. वहीत "यशस्वी" लिहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आमच्या स्कूलमध्ये तीन गाड्या, तीन शिक्षक. तीन नंबरच्या गाडीवर मौनीबाबा. हे नाव मीच ठेवलं. दिवसभरात सहा शब्द बोलतात, त्यांतले दोन "हं" असतात. आज सिग्नलला त्यांची गाडी शेजारी आली. शिकाऊ कॉलेजकुमार घामाघूम, आणि हे बूट काढून सीटवर मांडी घालून शब्दकोडं सोडवतायत. शिकवण्याच्या गाडीत आमच्या बाजूला दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच असतो. तो काय शोभेला? माझा पाय एकोणीस वर्षांत त्या ब्रेकवरून हललेला नाही. उजव्या बुटाचा तळ डाव्याआधी झिजतो.

मालकांना सांगावं लागेल. एखाद्याचा जीव जायचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज वाईट झालं. म्हणजे झालं नाही, मी होऊ दिलं नाही.

शाळेजवळच्या वळणावर गल्लीतून सायकलवाला आडवा आला. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, चिंगीचं कपाळ स्टिअरिंगजवळ. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

चिंगीनं गिअर न्यूट्रलला आणला. मग म्हणाली, "मी दाबतच होते, आई."

"दाबतच होते" आणि "दाबला" यांच्या मध्ये एक सायकलवाला मावतो. हे मी तिला शांत, खालच्या स्वरात, एनएलपीच्या पद्धतीनं सांगितलं. सुमारे वीस मिनिटं. शेवटी विचारलं, पटतंय ना? हो म्हणाली.

घरी येईपर्यंत हात मांडीखाली दाबून ठेवले होते. माझे. तिचे बघितले नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अँकरिंग. माणूस आत्मविश्वासाच्या शिखरावर असताना त्याला एका ठरावीक जागी स्पर्श करायचा. पुढे कधीही तिथे हात लावला की तोच आत्मविश्वास परत येतो. जागा निवडली: कोपर.

अडचण अशी की चिंगीचा चेहरा खुलतो तो गाडी पार्क करून हँडब्रेक ओढल्यावरच. मग तेव्हाच स्पर्श केला. दहा वेळा पार्क केली, दहा वेळा केला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चालत्या गाडीत कोपराला हात लावला. तिनं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि विचारलं, आता काय झालं.

अँकर बसलाय, यात शंका नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चिंगी रोज संध्याकाळी साडेपाचला बाहेर जाते, साडेसातला येते. मैत्रिणीकडे, म्हणते. ही मैत्रीण कोण, विचारलं की आरसा नसतानाही वर बघते.

प्रेमप्रकरण असावं. नेमकं आत्ताच. आमच्या प्रयोगाचे अकरा दिवस झाले आणि ही बाई भटकतेय. बोलणार नाही. अपयश नसतं, फक्त फीडबॅक असतो, असं सर म्हणतात. हा फीडबॅक पायात सँडल घालून रोज जिना उतरतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरांना फोन केला. सांगितलं, सर्टिफिकेशनबद्दल अजून द्विधा आहे. सर म्हणाले, द्विधा असणं म्हणजे अर्ध्या मनानं हो म्हणून झालेलं असणं. माझ्या मनात नेमकं तेच होतं. विचारलं, केस कशी चालली आहे. म्हटलं, प्रचंड बदल आहे. कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. मोठी माणसं तपशिलात जात नाहीत.

मग मालकांना लेखी तक्रार दिली. मौनीबाबा, बूट, मांडी, शब्दकोडं. तारखेसह. मालक म्हणाले, त्यांच्याकडून पास होणारी मुलं जास्त आहेत. मी म्हटलं, नशीब कधीतरी संपतं. मग तीन सोपे प्रश्न विचारले. सुरक्षा महत्त्वाची ना? हो. स्कूलचं नाव तुमचं ना? हो. उद्या काही झालं तर लोक तुम्हाला धरतील ना? हो. मौनीबाबा मंगळवारपासून तीन दिवस घरी.

टेक्निक चालतं. मन लावून वापरायला हवं, इतकंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चिंगी साडेपाचला गेली आणि सहालाच परत आली. बाथरूममध्ये नळ सोडून बसली. नळाच्या आवाजामागे रडण्याचा आवाज वेगळा ओळखू येतो. आई असल्यावर येतोच.

दारातून विचारलं. म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, रडू दे, जुने पॅटर्न बाहेर पडतायत. नळ आणखी मोठा झाला.

त्या मुलानं नाही म्हटलं असणार. बरंच झालं. आता लक्ष लागेल. परीक्षेला आठ दिवस.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तिनं आज गाडी चालवताना एक शब्द काढला नाही. रेषेवर थांबली. बरोब्बर. प्रत्येक वेळी. मला कळत नाही, परीक्षेत तिला काय होतं. ट्रॅकवर परीक्षक बाजूला बसतात, पाय आखडून, वही मांडीवर. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की ते तिच्याशी बोलत नाहीत. म्हणजे मुद्दा आवाजाचाच आहे. बाबा म्हणाले होते ते उगीच नाही.

परीक्षेत माझा आवाज तिच्या आत वाजत राहिला पाहिजे. त्यासाठी रेकॉर्डिंग करतेय. बावीस मिनिटांचं. झोपण्याआधी ऐकायला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मौनीबाबांची शिक्षा आज संपली. मालकांनी संध्याकाळी बोलावलं होतं. पाय खाली ठेवून बसेन, असं लिहून द्या म्हणाले. मौनीबाबा म्हणाले, हं. सही केली नाही. तरी गाडी परत मिळाली. या स्कूलमध्ये शिस्त नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चिंगी पुन्हा साडेपाचला गेली. जाताना गुणगुणत होती. मिटलं वाटतं त्यांचं.

परत आली तीही गुणगुणतच. मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, सव्वीस तारखेला तू येऊ नकोस."

तिनं यस-सेट वापरला नाही, मान वाकडी केली नाही, काही नाही. नुसतं म्हणाली.

मी म्हटलं, बरं. अर्थात जाणार आहेच. अँकर लांबूनही चालतो, मला खात्री आहे. ट्रॅकच्या कडेला मोठा सूचनाफलक आहे, त्याच्यामागे उभं राहता येतं. गेल्या वेळीही राहिले होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन. चिंगी तिच्याशी बोलते, माझ्याशी नाही. ही जुनी तक्रार आहे, आज पुन्हा लिहीत नाही. सर्टिफिकेशनचा विषय काढला. बाबांचं वाक्य सांगितलं. भिंतीवरून भावाला उतरवल्याचं सांगितलं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, तो उतरला नव्हता. पडला होता."

म्हणे, मी खालून इतकी बोलत होते की त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. हात सुटले. मनगटाला प्लास्टर घातलं होतं, आठवत नाही का. आठवलं. प्लास्टरवर मी फूल काढलं होतं. ते का काढलं, तेवढं विसरले होते. आणि बाबांचं वाक्य अर्धंच लक्षात ठेवलंस, म्हणाली. पूर्ण असं होतं: "तुझ्या आवाजात काहीतरी आहे, बाई. जरा कमी वापरत जा."

ताईची स्मरणशक्ती पहिल्यापासून कच्ची. तिला रक्तदाबाची गोळीसुद्धा आठवत नाही.

शिवाय पडला काय नि उतरला काय, खाली आला ना?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एकविसावा दिवस. शेवटचा धडा. मुद्दाम बाजारातून नेली. गर्दी, हातगाड्या, मध्येच रस्ता ओलांडणारी माणसं. सगळीकडे थांबली. मी बघत होते, ती थांबत होती. मध्येच एकदा तिनं माझ्या पायाकडे बघितलं. आरशाकडे नाही, पायाकडे. मी विचारलं, काय. म्हणाली, काही नाही.

घरी आल्यावर फॉर्म दिला. परीक्षा झाली की भर म्हटलं. फॉर्म पाकिटात बंद करून द्यायचा, सराव करणाऱ्यानं वाचायचा नाही, असा नियम आहे. रेकॉर्डिंग ऐकलंस का विचारलं. हो म्हणाली. फोन चार्जिंगला लावला होता, तेव्हा चुकून दिसलं: रेकॉर्डिंग उघडलेलंच नाही.

हो म्हणाली होती.

घासलेली भांडी पुन्हा घासली. परीक्षा तिची आहे, माझी नाही. असं स्वतःला सांगितलं, तीन वेळा, खालच्या स्वरात.

२६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ११.२०

घरी परतले. लगेच लिहून काढते.

नऊला फलकामागे उभी होते. नऊ वीसला आमच्या स्कूलची गाडी आली. तीन नंबरची. चालवत होती चिंगी. बाजूला मौनीबाबा. बूट सीटखाली, मांडी सीटवर.

म्हणजे रोज साडेपाच ते साडेसात. मैत्रीण.

मौनीबाबा उतरून बाकावर जाऊन बसले, शब्दकोडं काढलं. परीक्षक बसले, पाय आखडून. गाडी सुटली. चढावर उचलली, जराही मागे न येऊ देता. आठचा आकडा काढला. रिव्हर्स लावली. मी काहीच बघत नव्हते, मी रेषेची वाट बघत होते.

रेषा आली. मी कोपर घट्ट धरलं, स्वतःचं. आणि पाय दाबला. सिमेंटवर, इतक्या जोरात की गुडघ्यात कळ आली.

गाडी थांबली. रेषेच्या एक वीत अलीकडे. मऊ. पाण्यात वल्हं थांबवावं तशी.

माझ्या पायाशिवाय.

पास.

अँकर साठ फुटांवरून चालला, याची नोंद करतेय. सरांना सांगायला हवं. मौनीबाबांनी रोज दोन तास फिरवलं म्हणून काय, ते तर बोलतही नाहीत. पाया माझा. एकवीस दिवस. आठ महिने. चोवीस वर्षं.

आठ वर्षांची होती, जेव्हा तिचे बाबा गेले. शाळा सुटल्यावर तिला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसायची. चार-चार तास. मांडीवर वही, पाय लोंबकळत. मी पुढे शिकवत असायचे आणि मध्येच मागे न बघता म्हणायचे, गप्प बस हं, आई काम करतेय. गप्प बसायची. इतकी, की एकदा मी तिला मागे विसरून गाडीला कुलूप लावलं होतं.

हे इथे का लिहिलं, माहीत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मौनीबाबांना गाठलं. ते टायर बघत होते. मी बरंच बोलले. विश्वासघात, माझी मुलगी, माझ्या पाठीमागे. शिवाय तुमच्या पद्धतीवर माझी लेखी तक्रार आहे, तिचं काय, असंही विचारलं.

त्यांनी ऐकून घेतलं. टायरला हवा भरली. झाकण लावलं. मग म्हणाले, "गाडी येत होती तिला. पाय शिकायचा राहिला होता."

मी विचारलं, म्हणजे काय.

"तुमचा आधी पोचायचा."

मग जराशानं, जमिनीकडे बघत, आणखी एक. "मी काही केलं नाही. मांडी घालून बसलो."

एका दिवसात इतके शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. जाताना म्हणाले, तुमच्या तक्रारीत तीन दिवस गेले, पोरगी रडली त्या दिवशी. यातही राग नव्हता. टायरमध्ये किती हवा आहे सांगावं तसं.

घरी आले तर टेबलावर पाकीट. चिंगीनं फॉर्म भरलेला. कडेनं नीट चिकटलं नव्हतं. म्हणजे, वाफेवर धरल्यावर नीट चिकटलेलं राहिलं नाही.

फॉर्मवर सहा प्रश्न आहेत. पाच हो-नाहीचे. तिनं पाचही ठिकाणी "हो" लिहिलंय. सहावा: सराव करणाऱ्या व्यक्तीनं तुमच्यासाठी नेमकं काय केलं? खाली सहा ओळी रिकाम्या सोडल्या आहेत.

तिनं दोनच शब्द लिहिलेत. "ब्रेक दाबला."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची तारीख. पाकीट परत चिकटवून सरांच्या ऑफिसात दिलं. वाटलं होतं, वाचून नाकारतील. मन घट्ट करून गेले होते.

सरांनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला. म्हणाले, काय सुंदर प्रतिमा आहे. ब्रेक दाबला. जुन्या सवयीला तुम्ही ब्रेक लावलात, याहून नेमकं कुणी लिहिलेलं नाही. पुढच्या बॅचला उदाहरण म्हणून वापरायची परवानगी मागितली. जागा पक्की, म्हणाले. शिफारस त्यांची स्वतःची. फक्त इथे सही करा.

खोलीत एसीचा आवाज होता. भिंतीवर हसऱ्या माणसांचे फोटो, प्रत्येकाच्या हातात सर्टिफिकेट. सव्वीस दिवस मला तिथे पोचायचं होतं. पेन हातात दिलं होतं.

मी म्हटलं, "ती प्रतिमा नाहीये, सर."

ते हसले. म्हणाले, हेच तर सौंदर्य आहे. मग विचारलं, तुम्हाला लोकांना मदत करायला आवडतं ना? हो. मुलीत बदल झाला ना? हो. आणि तो बदल तुम्हाला आणखी लोकांत बघायचाय ना?

तिसऱ्यालाही माझ्या तोंडून हो गेलं. ऐकून न घेताच. बाहेर पडायचं होतं, म्हणून. आणि पहिल्यांदाच कळलं की "हो" आतून कसं लागतं. भिंतीवर बसून दोन्ही कान झाकल्यासारखं.

सही केली नाही. विचार करून सांगते म्हटलं. तारीख आजची आहे, म्हणाले. माहीत आहे, म्हटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

काल दवाखान्याची व्हॅन घरासमोर येऊन उभी राहिली. पांढरी, बाजूला गायीचं चित्र, मागे औषधांची खोकी. खोक्यांच्या मध्ये भिंतीला लावलेली एक घडीची सीट आहे. मी व्हॅनभोवती दोन फेऱ्या मारल्या. पुढे वाकून पाहिलं. पेडलं फक्त चालवणाऱ्याच्या बाजूला.

चिंगी उद्या सकाळी सातला निघणार. एक्केचाळीस किलोमीटर, अर्धा रस्ता ट्रकचा. आज दिवसभर सूचना द्यायच्या होत्या. ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं, आंधळ्या वळणावर काय. सकाळपासून चौदा सूचना कागदावर लिहिल्या. दुपारी कागद घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग डब्यातून काढून, अकरावी तेवढी पुन्हा वाचून, परत टाकला.

सर्टिफिकेशन केलेलं नाही. हे मी "ठरवलं" असं लिहिणार होते. ठरवलं नाही. तारीख गेली.

मौनीबाबांवरची तक्रार मागे घेतली. मालकांनी कारण विचारलं. म्हटलं, वैयक्तिक.

संध्याकाळी बेकरीवाल्या बाईंची तासभर शिकवणी होती. मी पाय ब्रेकवरून उचलून सीटवर घ्यायचा प्रयत्न केला. एक पाय आला. दुसरा येईना. पहिल्या सिग्नलला बाईंनी ब्रेक दाबला आणि माझ्याकडे बघून विचारलं, पायाला मुंगी चावली का?

चिंगी आत कपडे घडी करतेय. तिला एक विचारायचंय. सकाळपासून विचारायचंय. ती नाही म्हणणार, मला पक्कं माहीत आहे, आणि तिला नाही म्हणता यावं, म्हणून मी आधी तीन सोपे प्रश्न विचारणार नाही. आवाजही कमी वापरणार. आत जाऊन, दारातच उभी राहून, एकदाच म्हणणार आहे:

उद्या मला मागच्या सीटवर बसू देशील का? पहिल्या सिग्नलपर्यंत. पाय लोंबकळत ठेवून, गप्प.